पाच वर्षांनी या!

अमेरिकेत कर भरताना कुणी परका नसतो.

पगाराच्या चिठ्ठीतून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीचे जातात, १.४५ टक्के मेडिकेअरचे, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, जातात. कापणारा संगणक जन्मगाव विचारत नाही. नागरिक असा, ग्रीन कार्डवाले असा, नाहीतर एच-वन-बी व्हिसावर गेल्याच आठवड्यात नेवार्कला उतरलेले असा, कात्री सगळ्यांवर सारखी चालते. एवढी समता नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही नसते.

आता त्याच सरकारच्या दुसऱ्या खिडकीशी जा.

तुम्ही कोण? कुठून आलात? कधी आलात? कोणत्या कलमाखाली आलात? कुणाच्या भरवशावर आलात? सगळी उत्तरे देऊन, झेरॉक्स जोडून, सह्या करून झाल्या की आतून आवाज येतो: पाच वर्षांनी या.

हे पाच वर्षांचे प्रकरण २२ ऑगस्ट १९९६चे. त्या दिवशी बिल क्लिंटन यांनी वेल्फेअर सुधारणा कायद्यावर सही केली. अध्यक्ष डेमोक्रॅट, काँग्रेस रिपब्लिकन, आणि तरी जमले. गरिबाला कमी द्यायचे ठरले की तिथे दोन्ही बाके एक होतात. आपल्याकडे तसे एकमत फक्त आमदारांच्या पगारवाढीला होते.

नियम साधा आहे. ग्रीन कार्ड हातात आले तरी पहिली पाच वर्षे केंद्राच्या पैशातले मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, रोख मदत नाही, प्रौढ माणसाला फूड स्टॅम्प नाहीत. गरोदर बायका आणि मुलांसाठी काही राज्यांनी दार किलकिले ठेवले आहे, तेवढेच. एच-वन-बीवाल्यांचे आणि विद्यार्थी म्हणून आलेल्या एफ-वनवाल्यांचे नाव यादीतच नाही. कागदच नसलेल्यांचा तर विषयच संपला. कर मात्र पहिल्या पगारापासून.

कर भरायला पाच वर्षांनी या, असे कुणाला सांगितल्याचे ऐकले आहे?

मग ज्या राज्यांना माणुसकी दाखवायची आहे त्यांनी काय करायचे? वॉशिंग्टनने मोठ्या मनाने सांगितले, जरूर दाखवा, तुमच्या पैशाने दाखवा. आणि बेकायदा राहणाऱ्यांना काही द्यायचे असेल तर त्यासाठी आपापल्या विधिमंडळात नवा, स्पष्ट कायदा करा. म्हणजे हात कुणी वर केला ते पुढच्या निवडणुकीत पोस्टरवर छापता येते.

कॅलिफोर्नियाने हात वर केला. आधी खाली करून मग वर केला, हे महत्त्वाचे.

नोव्हेंबर १९९४. याच राज्यात 'प्रपोझिशन १८७' मताला टाकले होते. बेकायदा स्थलांतरितांना सरकारी शाळा नको, दवाखाना नको, मदत नको. शिवाय शिक्षकांनी आणि दवाखान्यांनी संशयितांची नावे सरकारला कळवायची. सुमारे ५९ टक्के मतदारांनी 'हो' म्हटले. गव्हर्नर पीट विल्सन त्याच लाटेवर पुन्हा निवडून आले. न्यायालयाने ते अडवले, १९९९मध्ये नव्या सरकारने अपीलच गुंडाळले. मतदाराने दिलेला कौल वकिलांनी परत केला.

नंतर हवा फिरली. २०१६मध्ये कागद नसलेल्या मुलांना राज्याच्या पैशाने मेडि-कॅल, म्हणजे कॅलिफोर्नियाचे मेडिकेड, मिळाले. २०२०मध्ये पंचविशीपर्यंतच्या तरुणांना. २०२२मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांना. जानेवारी २०२४मध्ये उरलेल्या सगळ्यांना. आठ वर्षांत चार हप्ते, आणि प्रत्येक हप्त्याला एक पत्रकार परिषद.

मग बिल आले.

मार्च २०२५मध्ये मेडि-कॅलची देणी भागवायला राज्याला ३.४४ अब्ज डॉलर उसने घ्यावे लागले. औषधे महागली होती, म्हातारी माणसे वाढली होती, नोंदणी अंदाजापेक्षा जास्त झाली होती. कारणे तीन-चार होती. पेपरात मथळा एकाच कारणाचा झाला. कोणत्या, ते सांगायला हवे का?

एप्रिलमध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी जाहीर केले की कॅलिफोर्निया आता जपानला मागे टाकून जगातली चौथी अर्थव्यवस्था झाली. मे महिन्यात त्यांनीच जाहीर केले की परवडत नाही.

१ जानेवारी २०२६पासून कागद नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी बंद. आधीचे आत आहेत त्यांनी आतच राहावे. एकदा बाहेर पडलात तर दार लागले. जुलै २०२६पासून दातांचे उपचार बंद, आणीबाणीपुरते सोडून. जुलै २०२७पासून महिना ३० डॉलरचा हप्ता. न्यूसम यांनी १०० मागितले होते, विधिमंडळाने घासाघीस करून ३०वर आणले. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण राजधानी सॅक्रामेंटोत कुणी पोहोचवली कोण जाणे!

एकटे कॅलिफोर्निया नाही. इलिनॉयने ४२ ते ६४ वयाच्यांसाठी २०२२मध्ये योजना काढली. खर्चाचा अंदाज सपशेल चुकला, लेखापरीक्षकांनी तसे लिहिले, आणि १ जुलै २०२५ला योजना संपली. मिनेसोटाने जानेवारी २०२५मध्ये दार उघडले आणि त्याच वर्षाअखेर प्रौढांसाठी लावले. पाहुण्याने पायताण काढायच्या आतच यजमान म्हणाला, निघताय का?

या तिन्ही राज्यांतले गव्हर्नर डेमोक्रॅट. तिघेही पुरोगामी. तिघांनीही तूट आली तेव्हा सगळ्यात आधी कुणाला बाहेर काढले? ज्यांना मत नाही त्यांना.

यात चुकले कुठे? अंदाज करणाऱ्यांचे चुकले, हे खरे. योजना जाहीर करताना हिशेब उरकायचा आणि बंद करताना मात्र पै-पै मोजायची, हा राज्यकर्त्यांचा जगभरचा धर्म आहे. पण दार लावल्याने माणूस आजारी पडायचा थांबतो का? तो पडतोच. फक्त पत्ता बदलतो.

नवा पत्ता: इमर्जन्सी रूम.

१९८६पासून तिथे कायदा आहे, रोनाल्ड रेगन यांच्या काळातला. आपत्कालीन विभागात आलेल्या कुणालाही तपासायचे, धोका टळेपर्यंत सांभाळायचे. खिसा बघायचा नाही, पासपोर्ट बघायचा नाही. केंद्रही अशा वेळी हात सैल सोडते. एरवी अपात्र ठरणारा माणूस मरायला टेकला की 'इमर्जन्सी मेडिकेड'ला पात्र होतो.

म्हणजे रक्तदाबाच्या गोळीला पैसे नाहीत. पक्षाघाताच्या झटक्याला आहेत.

अतिशयोक्ती वाटते? मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना विचारा. अमेरिकेतल्या कित्येक ठिकाणी कागद नसलेल्या रुग्णाला नियमित डायलिसिस मिळत नाही. तब्येत इतकी बिघडावी लागते की जीव धोक्यात आहे असे डॉक्टर लिहून देऊ शकेल. मग दाखल, मग डायलिसिस, मग घरी. काही दिवसांनी पुन्हा मरायला टेकायचे. नियमित उपचारापेक्षा हे महाग पडते, आणि रुग्ण जास्त मरतात, हे तिथल्याच डॉक्टरांनी मोजून दाखवले आहे. कोलोरॅडोने २०१९मध्ये शहाणपण करून नियमित डायलिसिसला इमर्जन्सीत बसवले. बाकीच्या कित्येकांना महागात पडलेले चालते, फुकट दिलेले दिसता कामा नये.

आणि हा इमर्जन्सी खर्च किती? एकूण मेडिकेड खर्चाच्या एका टक्क्याहूनही कमी.

एवढ्याशा रकमेवर २०२५च्या ऑक्टोबरात काय रामायण घडले ते आठवते? सरकार ४३ दिवस ठप्प. भांडण होते विम्याच्या अनुदानाचे. प्रचार झाला तो असा की, डेमोक्रॅटांना बेकायदा लोकांना फुकट उपचार द्यायचे आहेत. आणीबाणी सोडली तर केंद्राच्या पैशातून ते १९९६पासून बंद आहेत. बंद असलेली गोष्ट बंद ठेवण्यासाठी सरकारच बंद!

फुकटे, फुकटे म्हणतात ते हे लोक देतात किती? वॉशिंग्टनच्या एका करविषयक संशोधन संस्थेचा, आयटेपचा, हिशेब आहे: २०२२ साली कागद नसलेल्यांनी ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. त्यातले २५.७ अब्ज सोशल सिक्युरिटीत गेले, जिथून त्यांना म्हातारपणी दमडी मिळणार नाही. ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही त्यांच्यासाठी कर खात्याने १९९६मध्ये वेगळा नंबर काढला. त्याला आयटिन म्हणतात.

१९९६. तेच साल. एका हाताने मदत बंद केली, दुसऱ्या हाताने करासाठी नंबर दिला. सरकारला डावे-उजवे कळत नाही असे कोण म्हणतो?

आता १ जानेवारी २०२६पासून घरी पैसे पाठवण्यावर एक टक्का कर आला आहे. पण तो रोखीने, मनीऑर्डरने किंवा बँकेच्या चेकने पाठवले तरच. बँक खात्यातून किंवा अमेरिकी कार्डावरून पाठवले तर माफ. म्हणजे सॅन होजेचा आपला इंजिनीअर सोफ्यावर बसून पुण्याला पैसे पाठवतो, त्याला शून्य. दिवसभर भांडी घासून, खाते नाही म्हणून दुकानात नोटा मोजून पाठवणाऱ्याला एक टक्का.

आपला इंजिनीअर म्हणतो, ठीकच आहे, बेकायदा लोकांना चाप हवाच.

आलो शेवटी आपल्या माणसांवर. एडिसन, फ्रीमाँट, सनीव्हेलच्या आपल्या माणसांवर.

मंडळाच्या गणपतीत, मसालेभाताच्या रांगेत, एक संवाद हमखास कानावर पडतो. 'इंडियात सगळं फुकट वाटून लोकांना आळशी करून ठेवलंय.' माना डोलतात. 'इथेही तेच. बॉर्डर ओलांडून यायचं आणि आमच्या टॅक्सवर जगायचं.' पुन्हा माना डोलतात. रांग जिलबीपर्यंत सरकते. तोच गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाशी लागतो, 'अरे, तू आईचं मेडि-कॅल कसं केलंस?'

फुकट ते दुसऱ्याचे असते. आपले असते ते टॅक्स-पेअरचे हक्काचे.

गंमत सोडू. या गृहस्थाची अडचण खरी आहे. तो नागरिक झाला, म्हणून आई-बाबांचे ग्रीन कार्ड करू शकला. दोघे सत्तरीतले. बाबा बँकेतून निवृत्त, पेन्शन रुपयात. बायपास एकदा झालेली. अमेरिकेत आल्या दिवशी त्यांना काय मिळते? मेडिकेड नाही, पाच वर्षांनी या. मेडिकेअर नाही, तीही पाच वर्षे सलग राहिल्यावर, आणि तिथे काम करून कर भरल्याच्या तिमाह्या नसल्याने विकत. २०२५चा भाव: रुग्णालयाच्या भागाला महिना ५१८ डॉलर, डॉक्टरच्या भागाला १८५. माणशी. आई-बाबा दोन असतात.

मुलाने वीस वर्षे सोशल सिक्युरिटी भरली आहे, ते चालणार नाही का? नवऱ्याच्या तिमाह्या बायकोला लागतात. आई-बापाच्या तिमाह्या अल्पवयीन मुलाला लागतात. मुलाच्या आईला लागत नाहीत. श्रावणबाळाची गोष्ट अमेरिकी काँग्रेसने ऐकलेली नसावी.

एक फट होती. मेडिकेडला पाच वर्षे थांबावे लागणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कायदेशीर रहिवाशांना बाजारातल्या विम्यावर अनुदान मिळायचे. २०२५च्या ४ जुलैला सही झालेल्या ट्रम्प यांच्या 'वन बिग ब्यूटिफुल' कायद्याने १ जानेवारी २०२६पासून ती फट लिंपून टाकली. फुलबाज्या उडत होत्या, कुणाच्या लक्षातही आले नाही.

उरते राज्य. कॅलिफोर्निया नव्या ग्रीन कार्डवाल्यांना स्वतःच्या पैशाने मेडि-कॅल देते. केंद्राची वृद्ध-अपंग मदत नाकारली गेलेल्यांना रोख रक्कम देणारी राज्याची एक योजनाही १९९८पासून आहे. न्यूयॉर्कमध्ये तर २००१मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेच बजावले की, कायदेशीर राहणाऱ्यांना राज्याच्या मेडिकेडमधून वगळता येणार नाही. टेक्सासात गेलात तर देवाची करुणा. एकच देश, एकच ग्रीन कार्ड, पण बाबांच्या हृदयाचे भवितव्य मुलाची कंपनी कुठल्या राज्यात आहे त्यावर.

म्हणून कॅलिफोर्नियात 'गरीब' आई-बाबांची चलती. मुलाचे घर दीड-दोन मिलियनचे, पण कागदावर बाबांचे उत्पन्न म्हणजे रुपयातली पेन्शन. कोथरूडच्या दोन फ्लॅटचे काय? २०२४मध्ये राज्याने मालमत्तेची अट काढली होती, तेव्हा ते कुणी विचारत नव्हते. जानेवारी २०२६पासून अट परत आली आहे: एकट्या माणसाला १,३०,००० डॉलर, राहते घर सोडून. कोथरूडचे फ्लॅट आता आठवावे लागतील.

आणि खुद्द आपला एच-वन-बीवाला? तो तर या सगळ्या तमाशातला अस्सल दानशूर कर्ण.

व्हिसा जास्तीत जास्त सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकली असेल तरच पुढे. सहा वर्षांच्या झाल्या २४ तिमाह्या. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनला लागतात ४०. मध्येच परत आला तर भरलेले सगळे अमेरिकी आजी-आजोबांना अर्पण. दोन देशांत करार असला तर हे वाचते. भारताचा असा करार बेल्जियमशी आहे, जर्मनीशी आहे, फ्रान्सशी आहे, जपान, कोरिया, कॅनडाशी आहे. अमेरिकेशी नाही. ह्यूस्टनला 'हाउडी मोदी' झाले, अहमदाबादला 'नमस्ते ट्रम्प' झाले. स्टेडियम भरली, करार राहिला.

नोकरी गेली तर? ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. बेकारभत्ता? तो 'कुठेही काम करायला मोकळा' असलेल्याला मिळतो. व्हिसा एका कंपनीच्या खुंट्याला बांधलेला, मोकळा कुठून असणार?

त्याच्या मुलांची कथा आणखी मजेदार. लहानपणी कागदाशिवाय आणलेल्यांना २०१२मध्ये ओबामांनी 'डाका' योजनेत संरक्षण दिले. अट एकच महत्त्वाची: त्या दिवशी तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसावा. आपल्या मुलांकडे होता. आई-बापाने प्रत्येक फॉर्म वेळेवर भरला होता, प्रत्येक फी वेळेवर दिली होती. एकविसावे वर्ष पुरे झाले, एच-फोर हा अवलंबितांचा व्हिसा संपला, मूल परदेशी विद्यार्थी झाले. ज्या गावात बालवाडीपासून शिकले, तिथेच.

रांगेत उभे राहिल्याची शिक्षा. म्हणून ही मंडळी चिडलेली असतात, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. फक्त चिडतात कुणावर? रांग आखणाऱ्यावर नाही. शेजारच्या रांगेतल्यावर.

न्यायालयांचे काय म्हणणे? न्यायालयांचे म्हणणे वाचले तर चहा गार होतो, म्हणून थोडक्यात. अ‍ॅरिझोनात नियम होता की परदेशी नागरिकाला अपंगत्वाची मदत हवी तर आधी १५ वर्षे अमेरिकेत काढा. १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, राज्याला असा भेद करता येणार नाही. १९७६मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, मेडिकेअरसाठी पाच वर्षांची अट केंद्राने घातली तर चालेल. राज्याने केला तर भेदभाव, केंद्राने केला तर धोरण. १९८२मध्ये टेक्सासला बजावले, कागद नसले तरी मुलांना शाळेत घ्यावेच लागेल. निकाल पाचास चार. पोरांची शाळा एका मताने वाचली.

आणि 'पब्लिक चार्ज'ची भानगड? सरकारवर भार होईल असा माणूस नको, हे कलम १८८२चे. २०२०मध्ये ट्रम्प यांनी त्याची व्याख्या इतकी ताणली की, फूड स्टॅम्प घेतले तर ग्रीन कार्ड हुकेल, या धास्तीने अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे नागरिक असलेल्या लेकरांचीही नावे लोकांनी काढून घेतली. २०२१मध्ये नियम मागे घेतला. भीती मागे घेण्याची अधिसूचना अजून निघालेली नाही.

अमेरिकेला हसून झाले?

अ‍ॅरिझोनाची १५ वर्षे लक्षात आहेत ना. मग 'माझी लाडकी बहीण' योजनेचा अर्ज आठवा. महिना १,५०० रुपये हवेत तर महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र आणा. ते नसेल तर १५ वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र, नाहीतर जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला. इथे तर बाई परदेशी नागरिकही नाही. बिहारहून येऊन दहा वर्षे विरारला राहणारी, जीएसटी भरून साबण घेणारी, याच देशाची नागरिक. तिला १५ वर्षांनी या. पुढे पडताळणीत निघाले काय, तर यादीत चौदा हजारांवर पुरुष! रहिवास पंधरा वर्षांचा तपासला, बहीण आहे की भाऊ हे बघायचे राहून गेले.

आणि परके होणे फक्त बिहारीच्या नशिबी असते असे ज्यांना वाटते, त्यांनी सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना विचारावे.

त्या टापूतल्या माणसाला छातीत दुखले की गाडी बांबोळीला जाते. कोल्हापूर घाटापलीकडे, मुंबई आठ-दहा तासांवर, बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज हाकेच्या अंतरावर. पिढ्यान्‌पिढ्या हेच. जानेवारी २०१८पासून गोवा सरकारने गोव्याबाहेरच्यांना शुल्क लावले. गोव्याच्या दीनदयाळ आरोग्य योजनेला अट काय? गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य. पाच! कोकणी-मालवणी बोलणारा, सोयरीक गोव्यात, बाजार म्हापशाला, देव मंगेशीला, आणि केसपेपर काढताना मात्र परप्रांतीय. दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. मंत्र्यांच्या बैठका झाल्या.

गोव्याचे चुकले का? छोटे राज्य, स्वतःच्या पैशाने उभारलेले रुग्णालय, खाटा मर्यादित, आणि शेजारच्या श्रीमंत राज्याने सीमेवर धड इस्पितळ न उभारता आपले रुग्ण वर्षानुवर्षे तिकडे पाठवलेले. कॅलिफोर्नियाचे अर्थखाते याहून वेगळे काय म्हणते? आणि त्या दिवशी दोडामार्गात जे 'आम्ही माणसे नाही का' म्हणून विचारत होते, त्यांतले किती जण मुंबईच्या सरकारी दवाखान्यातली उत्तर भारतीयांची गर्दी बघून नाक मुरडत नाहीत?

दिल्लीनेही करून बघितले. जून २०२०मध्ये, करोनाच्या भर धुमाळीत, केजरीवाल सरकारने दिल्ली सरकारची रुग्णालये फक्त दिल्लीकरांसाठी राखून ठेवली. दुसऱ्याच दिवशी नायब राज्यपालांनी आदेश फिरवला. विषाणूकडे आधार कार्ड होते की नाही, ते कुणी विचारले नाही.

शिधापत्रिका तेवढी देशभर चालू लागली आहे, २०२२मध्ये आसाम आले आणि साखळी पुरी झाली. केंद्राचा गहू-तांदूळ कुठेही उचला. पण राज्याने वरून टाकलेला डाळ-तेलाचा शिधा? तो गावी. पोट मुंबईत, शिधा समस्तीपुरात.

असो. हे सदर वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मुले अमेरिकेत नागरिक झाली आहेत आणि 'आई, आता तुम्ही इकडेच या' म्हणून फोनवर फोन करताहेत, त्यांना एक सूचना. तुमच्यासाठी मुलाला आय-८६४ नावाचा एक फॉर्म भरावा लागेल. तो नुसता औपचारिक कागद नाही, १९९६च्या कायद्याने तो कोर्टात चालणारा करार झाला आहे. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नाखाली तुम्हाला जाऊ देणार नाही, असे मूल त्यात सरकारला लिहून देते. तुम्ही उत्पन्न बघून दिली जाणारी सरकारी मदत घेतलीत तर सरकार त्याचे पैसे मुलाकडून मागू शकते. आजवर क्वचितच मागितले, पण मे २०१९मध्ये ट्रम्प यांनी वसुली करा असा लेखी आदेश काढला होता, आणि ट्रम्प पुन्हा आलेले आहेत. हाच फॉर्म मुलगा बायकोसाठीही भरतो, म्हणून त्यालाही वाचायला सांगा. ज्याच्यासाठी सही केली तो नागरिक झाला, त्याच्या ४० तिमाह्या भरल्या, तो देश कायमचा सोडून गेला किंवा दोघांपैकी कुणी वारले, तरच ती सही सुटते.

घटस्फोटाने सुटत नाही.